जेलमध्ये जाताना घराचं काय करायचं, आणि सुटल्यावर राहायचं कुठं

घरातलं कुणी पहिल्यांदाच आत गेलं की पुढचे आठ-पंधरा दिवस सगळे वकील आणि बेल याच्याच मागे धावतात, आणि ते बरोबरच आहे, पण त्या गडबडीत रूमचं भाडं, लाईट बिल, बँकेचा हप्ता याकडे कुणाचंच लक्ष नसतं, मग काही महिन्यांनी बेल होते तेव्हा कळतं की कागदावर जो पत्ता दिलाय ती खोलीच आता आपली राहिली नाही. कोर्टाच्या पॅसेजमध्ये बसलेल्या घरच्यांना हे परत परत सांगावं लागतं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे. तुमच्या केसचं बारीकसारीक वकिलालाच विचारा, पण निदान काय विचारायचं ते तरी माहीत पाहिजे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, घर सांभाळणं आणि बेल मिळवणं ही दोन वेगळी कामं नाहीयेत. कोर्टाला पत्ता लागतो, पोलिस तो पत्ता बघायला येतात, शिक्षा लागली तर रजेवर सोडताना परत तोच पत्ता तपासतात. पत्ता गेला की माणूस आतच राहतो, ऑर्डर हातात असली तरी.

१. पहिल्या आठवड्यात एक माणूस ठरवा

घराचा सगळा व्यवहार बघणारा एकच माणूस असू द्या. बायको, आई, भाऊ, मेव्हणा, कुणीही चालेल, पण एकच. नाहीतर चावी एकाकडे, ॲग्रीमेंट दुसऱ्याकडे, मालकाशी तिसराच बोलून आला, आणि "मला वाटलं तू भाडं भरलंस" असं होतं.

आरोपी पोलिस कस्टडीत असतो तोवर निवांत बोलता येत नाही, कोर्टात आणतात तेव्हा वकिलामार्फत जे दोन शब्द होतील तेवढेच. एमसीआर झाली, म्हणजे न्यायालयीन कोठडीत पाठवलं की जेलची मुलाखत सुरू होते. ती नाव नोंदवून आयडी दाखवून घ्यायची असते, ई-मुलाकातच्या वेबसाईटवरून व्हिडिओ कॉलची वेळही घेता येते. पण समोरासमोरची मुलाखत म्हणजे काय हे आधीच सांगतो, बऱ्याच ठिकाणी मध्ये काच किंवा जाळी असते, फोनवर बोलायचं, आजूबाजूला आणखी चार कुटुंबं ओरडून बोलत असतात, पहिली पाच मिनिटं रडण्यात जातात आणि वेळ संपली म्हणून उठवतात. म्हणून प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. मालकाचं नाव आणि नंबर, डिपॉझिट किती दिलंय आणि त्याची पावती आहे का, ॲग्रीमेंट कुठल्या तारखेला संपतंय, लाईट बिलावरचा ग्राहक क्रमांक, हप्ता कुठल्या खात्यातून कटतो, कपाटाची चावी, आणि कुणाला पैसे दिलेत किंवा कुणाकडून घेतलेत. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण माणूस आत गेला की उधारी मागणारे दारात येतातच, खरेही आणि खोटेही.

२. आतून सही कशी आणायची

पुष्कळ जणांना वाटतं आत गेलेल्या माणसाच्या सहीला किंमत राहत नाही. असं काही नाही. केस चालू असो की शिक्षा लागलेली असो, त्याची मालमत्ता त्याचीच असते आणि तो कुलमुखत्यारपत्र देऊ शकतो. वकील कागद तयार करतो, जेल सुपरिटेंडेंटकडे किंवा कोर्टाकडे अर्ज करतो, आत सही होते आणि जेलचा अधिकारी ती सही आपल्यासमोर झाली म्हणून शिक्का मारतो. कागद रजिस्टर करायचा असेल तरी आरोपीला रजिस्ट्रार ऑफिसला आणायलाच पाहिजे असं नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्यातच तुरुंगात असलेल्या माणसाला हजर राहण्यापासून सूट दिलीय, त्याची सही घ्यायची सोय जेलमध्येच करता येते. वेळ लागतो, दोन-चार हेलपाटे होतात, पण होतं.

इथं माझं ठाम मत सांगतो. जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे सगळ्याच कामांचे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र, देऊ नका. भाडं भरणं, घेणं, सोसायटी आणि बँकेशी पत्रव्यवहार, लाईट-पाणी, कोर्टात घराची बाजू मांडणं, एवढीच कामं नावानिशी लिहा आणि "विक्री, गहाण, बक्षीसपत्र करण्याचा अधिकार नाही" ही ओळ स्पष्ट टाका. आतला माणूस हतबल असतो, त्याला जे पुढं करतील त्यावर तो सही करतो, आणि सख्ख्या भावाने वकिलाची फी भागवायची म्हणून घर विकून टाकल्याच्या गोष्टी प्रत्येक जेलच्या गेटवर ऐकायला मिळतील.

वकील परवडत नसेल तरी हे काम अडत नाही. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, कमाई कितीही असली तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००.

३. भाड्याची खोली असेल तर

सगळ्यात जास्त लोक ह्याच गटात येतात. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, थोडंफार डिपॉझिट, आणि पोलिस चाळीत येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दारात, "खोली खाली करा."

मालक घाबरलेला असतो हे समजून घ्या, पण त्याला असं परस्पर कुणाला बाहेर काढता येत नाही. ॲग्रीमेंटची मुदत संपली तरी त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घ्यायचा असतो, कुलूप बदलून नाही. ज्याचा ताबा आहे त्याला कायदेशीर मार्ग सोडून हुसकावलं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली कोर्टात जाता येतं, फक्त सहा महिन्यांच्या आत. ॲग्रीमेंट रजिस्टरच नसेल तर ती चूक भाडेकरूची धरली जात नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकतं आणि लेखी रजिस्टर करार नसताना अटी-शर्तींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा आवाज खाली येतो.

पण हक्क आहे म्हणून प्रत्येक वेळी भांडायचंच असं नाही. आधी हिशेब करा. घरात बायको-पोरं राहतात, शाळा जवळ आहे, तर टिकवा, मालकाला भेटा, भाडं आता कोण भरणार ते सांगा, शक्य असेल तर ॲग्रीमेंट बायकोच्या नावाने नवीन करून घ्या. माणूस एकटाच राहत होता आणि केस मोठी आहे, लवकर सुटायची लक्षणं नाहीत, तर खोली सोडून द्या. बंद खोलीचं भाडं डिपॉझिटमधून कापत कापत डिपॉझिट संपतं आणि वर मालक सामान बाहेर काढतो, हे डोळ्यांदेखत होत असतं. शिवाय लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. किती दिवस आत जातील याचा अंदाज वकिलाला विचारा. पहिल्यांदाच आरोपी असेल, दुसरी केस नसेल आणि गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर बीएनएसएस, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा, त्याच्या कलम ४७९ प्रमाणे जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बेलचा मुद्दा येतो. म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर खोली वर्षभर ओढायची तयारी आहे का, असा तो हिशेब.

खोली सोडताना डिपॉझिट परत मिळाल्याचं, सामान नेल्याचं, चावी दिल्याचं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. सामानाचे फोटो काढा. कागदपत्रांची पिशवी मात्र सामानात टाकू नका, ती नेमलेल्या माणसाच्या घरी.

पागडीची खोली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सोडायचा विचारच करू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा वापरली नाही म्हणून मालक ताबा मागू शकतो. आता जेलमध्ये असणं हे योग्य कारण आहे का यावर वकील छान भांडतील, पण तिथवर जाऊच देऊ नका ना, घरातलं कुणीतरी तिथे राहायला जाऊ दे, दिवा लागू दे, बिल येऊ दे. भाडं दर महिन्याला, पावती दर महिन्याला. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा, ती परत आली तरी स्लिप जपून ठेवा.

४. स्वतःचा फ्लॅट, लोन, सोसायटी

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, मग सर्फेसी कायद्याची, म्हणजे घर ताब्यात घेऊन वसुली करायच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते, आणि ती नोटीस घराच्या पत्त्यावर येते जिथे उघडायला कुणी नाही. म्हणून तीन महिन्यांच्या आत बँकेत जाऊन लेखी कळवा, हप्ता कमी करून मिळतो का, मुदत वाढते का ते विचारा. केस काय आहे ते बँकेला सांगत बसायची गरज नाही, "कर्जदार सध्या उपलब्ध नाहीत, कुलमुखत्यार मी" एवढं पुरतं. जमत नसेल तर फ्लॅट भाड्याने देऊन हप्ता भागवणं हा विकण्यापेक्षा कधीही बरा मार्ग. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचा आकार, लावेल, तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही.

मेंटेनन्स थकवू नका, उपविधीप्रमाणे व्याज लावतात आणि वसुलीचा दाखला आणून सोसायटी फ्लॅटवर जप्तीपर्यंत जाऊ शकते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या घरावर ठराव बिराव घेतला, "अशा लोकांनी इथं राहू नये" वगैरे, तर त्याला काही अर्थ नसतो, मेंबर हा मेंबर असतो.

सरकारी क्वार्टर असेल तर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की कर्मचारी निलंबित मानला जातो, पण निलंबन म्हणजे बडतर्फी नाही, निर्वाह भत्ता मिळतो. ऑफिसमधून क्वार्टरबद्दल काय ते लेखी घ्या आणि पुढची सोय आत्तापासून बघा.

५. झोपडपट्टीत घर असेल तर सगळ्यात जास्त सावध

इथे कागद कमी आणि लोकांचे डोळे जास्त. कुलूप लागलेली झोपडी चार महिने दिसली की कुणीतरी हळूच आत घुसतं, नाहीतर गल्लीतलाच एखादा "मी बघतो ना" म्हणून भाडेकरू बसवतो आणि तो पुढे उठत नाही.

आणि नेमका त्याच काळात एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, सर्वे निघाला तर? सर्वेवाले येतात, घर बंद असेल तर बंद अशी नोंद होते, आणि परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव अपात्र किंवा गायब. नंतर अपील करता येतं, पण ते करायला माणूस बाहेर पाहिजे. मुंबईत १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीला फुकट घर आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून, असा हिशेब असल्यामुळे जुने पुरावे म्हणजे सोनं आहे. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), जुनी लाईट बिलं, मतदार यादीतलं नाव, असेसमेंटची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स काढून दोन घरांत ठेवा. कोठडीत आहे म्हणून मतदार यादीतून नाव काढत नाहीत, आत असताना मत देता येत नाही एवढंच, तेव्हा यादी येईल तेव्हा नाव आहे का बघत राहा. आणि पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावाने होतं, त्यामुळे सर्वेच्या वेळी बायको हजर असली तर अर्धं काम तिथंच होतं. तिचं आधार, लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड तिच्या हातात ठेवा.

अजून एक भीती हल्ली लोक विचारतात, घरावर बुलडोझर येईल का. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कुणी आरोपी आहे, अगदी दोषी ठरलाय म्हणूनसुद्धा घर पाडता येत नाही, आणि बेकायदा बांधकाम म्हणून पाडायचं असेल तरी आधी १५ दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, हे सगळं झालं पाहिजे. रस्ता, फुटपाथ, रेल्वे, नदी-नाल्यावरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपींच्या घरांवर कारवाई झाली तेव्हा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती थांबवली, पण स्टे येईपर्यंत एक घर पडून गेलेलं होतं. म्हणून नोटीस चिकटवलेली दिसली की त्याच दिवशी फोटो काढून वकील गाठा, उद्या नाही.

६. मागे राहिलेल्यांचं घर

नवरा आत गेला की सासरचे सुनेला माहेरी पाठवायच्या गोष्टी सुरू करतात. घर सासूच्या नावावर असलं तरी ती तिथे संसार करत होती तर घरगुती हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे तिला तिथे राहायचा हक्क आहे, कलम १७. संरक्षण अधिकारी तालुक्याला असतो, त्याच्याकडे तक्रार फुकट होते, महिला हेल्पलाईन १८१.

बाई आत गेली तर जास्त वाईट होतं, सरळ सांगतो. नवऱ्याला भेटायला बाया भर उन्हात रांगेत उभ्या असतात, पण भायखळ्याला किंवा येरवड्याला बाईच्या मुलाखतीला नवरा येईलच असं नाही. सहा वर्षांखालचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. त्यावरच्या मुलांसाठी नातेवाईक तयार असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात फॉर्म मिळतो. खोलीभाड्याचा एक तुकडा तरी त्यातून सुटतो. नातेवाईक नसतील तर १०९८ वर फोन करून बाल कल्याण समितीपुढे जा, शेजाऱ्याकडे असंच ठेवून देऊ नका.

७. बेल, जामीनदार आणि पत्ता

बेल झाली म्हणजे माणूस सुटला असं नाही. जामीनदार लागतो, त्याचा ऐपतीचा दाखला, घरपट्टी किंवा सातबारा, आयडी, फोटो. आणि बऱ्याच कोर्टांत क्लार्कपासून सगळे म्हणणार, जामीनदार लोकल पाहिजे. बीड-जालन्याहून मुंबईत कामाला आलेल्या पोराने लोकल जामीनदार कुठून आणायचा?

हा प्रश्न आजचा नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच कोर्टांचे कान उपटले. आणि ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा लोकल जामीनदाराचा हट्ट नको असं सांगितलं, बेल मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सौम्य करायचा विचार करायचा. हे वकिलाला तारखेसकट सांगा, अर्ज करायला लावा. आधी कॅश बेलवर सोडा, जामीनदार नंतर देतो, असाही अर्ज होतो. पैशाचीच अडचण असेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे २०२३ पासून, कच्च्या कैद्याला बेलसाठी आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्याला दंडासाठी ठरावीक रकमेपर्यंत मदत मिळते, ठरावीक गुन्हे सोडून. जेलमध्ये किंवा प्राधिकरणात विचारा.

कोर्टात द्यायचा पत्ता विचार करून द्या. आपल्याला नोटीस मिळेल, पोलिस आले तर घरचे नीट बोलतील, आणि सहा महिन्यांनी बदलणार नाही असा. खोली डळमळीत असेल तर गावचा पत्ता कायमचा म्हणून आणि खोलीचा तात्पुरता म्हणून दोन्ही द्या.

ऑर्डरमधल्या अटी नीट वाचा, मराठीत समजावून घ्या. तालुक्यात यायचं नाही, फिर्यादीच्या वस्तीत जायचं नाही, दर सोमवारी पोलिस स्टेशनला हजेरी, अशा अटी असतात. तालुकाबंदी असेल आणि घर त्याच तालुक्यात असेल तर सुटल्या रात्री घरी जाणं म्हणजे बेल घालवणं. आणि तडीपारी तर वेगळंच प्रकरण. महाराष्ट्र पोलिस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, कधी शेजारच्या जिल्ह्यांच्याही बाहेर राहावं लागतं, स्वतःचं घर असून. आदेशावर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, तोवर बाहेरच्या जिल्ह्यात कुणाकडे राहायचं ते बघावंच लागतं.

८. शिक्षा लागली असेल तर

संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे लोक ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतात, दोन्हीला पत्ता आणि जबाबदारी घेणारा माणूस लागतो. अर्ज गेला की तिथले पोलिस घरी येऊन जबाब घेतात. त्या दिवशी दार उघडणारी वहिनी जर म्हणाली "आमचा काही संबंध नाही", तर रजा गेली. म्हणून अर्ज करायच्या आधी घरच्यांशी बोलून ठेवा, कोण जबाब देणार ते ठरवा, शेजाऱ्यांच्याही कानावर घाला.

लांब शिक्षेच्या लोकांनी एवढं लक्षात ठेवा की वागणूक चांगली असलेल्यांना खुल्या कारागृहात पाठवतात, येरवडा, पैठण वगैरे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत तर १९३९ ची, औंध संस्थानच्या काळातली, तिथे कैदी बायका-पोरांसह राहून शेती करतात. घर सुटू न देता शिक्षा भोगायची सोय आपल्याच राज्यात इतकी जुनी आहे, आणि जागा मात्र मूठभर.

९. सुटायच्या आधी आणि पहिली रात्र

घरी जायचं की नाही हा प्रश्न मोकळेपणाने विचारा, आतल्यालाही आणि घरच्यांनाही. भावकीच्या भांडणात मारामारी झाली असेल आणि फिर्यादी समोरच्याच दारात राहत असेल तर सरळ गावी जाऊ नका, काही महिने बहिणीकडे, मामाकडे, कामाच्या ठिकाणी काढा. नवी केस व्हायला एक शिवी पुरते. घरच्यांनीच नको म्हटलं तर राग येतो, पण ते गेटवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

सुटका कधी होईल ते सांगता येत नाही. कोर्टातून ऑर्डर निघते, जेलच्या पेटीत पडते, पेटी ठरलेल्या वेळेला उघडते, दुसऱ्या केसमध्ये पाहिजे आहे का ते तपासतात, आणि माणूस बाहेर येतो तो संध्याकाळी किंवा रात्री. मोबाईल बहुतेक वेळा मुद्देमालात पोलिसांकडे असतो, नंबर पाठ नसतात, खिशात गेटवर परत मिळालेलं पाकीट. तळोजाच्या गेटवरून रात्री बाहेर पडलेल्या माणसाला लातूरला जायचं असेल तर तो जाणार कसा. म्हणून कुणीतरी घ्यायला जाच, आणि जाणं शक्यच नसेल तर दोन फोन नंबर आधीच पाठ करून घ्यायला सांगा. बाहेर पडताना सुटकेचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका, पुढे शंभर ठिकाणी लागतो.

जायला जागाच नसेल तर महापालिकेचे बेघर निवारे आहेत, नियमाप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक असायला हवा. तेवढे नाहीत, पण जे आहेत ते फुकट आहेत. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला किंवा स्टेशनच्या पोलिसांना विचारलं तर जवळचा सांगतात. बाईसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन, १८१ वरून पत्ता मिळतो. मुंबई आणि आसपासच्या जेलमध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रयास प्रकल्प १९९० पासून काम करतोय, त्यांचे समाजसेवक आत येतात, सुटायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवलं तर राहायची, कामाची सोय बघतात. शिक्षा भोगून सुटलेल्यांनी जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) भेटा, मुक्त बंद्यांसाठी मदत असते आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

१०. परत खोली शोधताना

एकदम एजंटकडे जाऊन वन आरके मागू नका. आधी कॉट बेसिसवर, कामगारांच्या खोलीत, ओळखीतल्या माणसाबरोबर राहा, दोन-तीन महिन्यांचा पगार आणि एक रेफरन्स तयार होऊ द्या. काम मिळालं असेल तर शेठला किंवा सुपरवायझरला मालकाशी एक फोन करायला सांगा, तेवढ्याने दार उघडतं.

भाडेकरूची पोलिसांत माहिती देणं हे मालकाचं काम आहे, आणि ती माहिती आहे, परवानगी नाही. पोलिसांनी नको म्हटलं म्हणून खोली देता येत नाही असा कुठला कायदा नाही, चारित्र्याचा दाखला ही नोकरीसाठीची वेगळी भानगड, खोलीला लागत नाही. मालकाला स्वतःहून सगळी कहाणी सांगायची का? माझं मत, पहिल्याच भेटीत नको, पण त्याने तोंडावर विचारलं तर खोटं बोलू नका, आणि फॉर्मवर तर अजिबात नको. केस चालू आहे, तारखेला जातो, काम करतो, भाडं पाच तारखेला देतो, एवढं सरळ सांगितलेलं चालणारे मालक असतात. आणि जे नाही म्हणतात त्यांच्यातले बरेचसे केस बघून नाही म्हणत नाहीत, आडनाव बघून म्हणतात. पारधी समाजाच्या पोराला तर बिनकेसचं पण खोली मिळत नाही, गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला रद्द होऊनही, त्यांनी तर आधी समाजाच्या संघटनेतल्या कुणाला तरी बरोबर घेऊनच जावं.

ॲग्रीमेंट स्वतःच्या नावावर आणि रजिस्टरच करा, पैसे जास्त गेले तरी. त्यावरून आधारचा पत्ता बदलतो, आधारवरून बँक, गॅस, रेशन. आधारच नसेल तर सुटायच्या आधीच आत काढून घ्या, जेल अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा जेलमध्ये दाखल झाल्याचा कागद त्यासाठी पुरावा म्हणून चालतो.

आणि खोली बदलली की नवा पत्ता कोर्टात लेखी द्या. समन्स जुन्या खोलीवर जातं, तिथला नवा भाडेकरू "इथं कुणी नाही" म्हणतो, पोलिस तसा रिपोर्ट लावतात, आणि तारखेला गैरहजर म्हणून नॉन बेलेबल वॉरंट निघतं, माणूस बिचारा दोन गल्ल्या पलीकडे कामावर असतो. वकिलाकडून एक साधा अर्ज, सोबत नव्या ॲग्रीमेंटची झेरॉक्स, एक कॉपी तपास करणाऱ्या पोलिस स्टेशनला. दोन्हीकडून पोच घ्या, जामीनदारालाही फोन करून सांगा.